बाराव्या हिरवळीवर कोण कुठे उभं होतं

कोबीचं पान वाकवून बघावं. मोडलं नाही तर मीठ मुरलं.

गाडी एका बाजूला ओढते आहे, हे टायरवाल्या ग्योंगसूला ती दुकानात वळतानाच दिसतं. टायरकडे बघावंही लागत नाही.

दुसऱ्या फळीत पहिल्या वर्षी माणूस हसतो, दुसऱ्या वर्षी चिडतो. तिसऱ्या वर्षी त्याचं पोट बिघडतं.

थडगं हलवताना हाडं कागदात गुंडाळतात, डोक्यापासून सुरुवात करून. सही मुलाची लागते. मुलीला कुणी विचारत नाही.

एक खोकला म्हणजे डावीकडे. दोन म्हणजे उजवीकडे.

यंदा तक घराण्याची हिवाळ्याची किमची, म्हणजे कोबीचं तिखट लोणचं, आठवडाभर आधी घातली गेली, कारण हेरिनची हंगामातली शेवटची गोल्फ स्पर्धा आत्याच्या गावापासून हाकेच्या अंतरावर होती, आणि अनायासे सगळे जमले होते.

*

"परत लाव," सुनदोक आत्या म्हणाली.

"तीनदा लावलं, आत्या."

"मग चौथ्यांदा लाव. तुझ्या बोटांना काय धाड भरली आहे? माझे हात बघ."

आत्याचे हात कोपरापर्यंत लाल होते. अंगणात निळं प्लास्टिक अंथरलेलं, त्यावर मिरचीच्या वाटणाची पसरट परात, आणि परातीभोवती रबरी हातमोजे घातलेल्या दोन बायका उकिडव्या बसलेल्या. मिठात मुरलेल्या कोबीचं एकेक पान उचलायचं, वाटण फासायचं, खाली सोडायचं. दोयुनकडे मुळे किसायचं काम होतं, म्हणून फोन धरण्यापुरता एक हात त्याचाच कोरडा होता.

त्याने पुन्हा लावलं.

सकाळी त्यानेच टिपलेली फीत. बारावी हिरवळ. धाकटी बहीण हेरिन छिद्रापासून सहा-सात पावलांवर, चेंडूवर वाकलेली. तिच्या मागे थोड्या अंतरावर बाबा, खांद्याला तिची पिशवी, एक गुडघा किंचित दुमडलेला, कारण तो आता सरळ होत नाही. मग फटका, चेंडू वळसा घेत जातो आणि आत पडतो. आत्याचा आनंदी ओरडा, तो फितीत सगळ्यात मोठा.

"बघ, अगदी तिथेच उभा आहे," आत्या म्हणाली. "तुझ्या आजोबांचं डोकं तिथे होतं, पाय ओढ्याकडे. डोंगर सपाट केला मेल्यांनी, पण ओढा तिथेच आहे, त्यावरून मला कळतं. मीसुक, बघितलंस का? तुझा नवरा बापाच्या उशाशी उभा आहे."

"बघितलं, वन्सं," मीसुक म्हणाली. तिने बघितलं नव्हतं. ती उद्याचं हवामान मनात घोकत होती.

दोयुन मात्र आता आजोबांचं डोकं बघत नव्हता. चौथ्या वेळी त्याला चेंडू दिसला, छिद्र दिसलं, आणि त्या दोघांना जोडणारी रेषा मागे वाढवत नेली तर ती कुठे जाते ते दिसलं. ती बाबांच्या बुटांमधून जात होती.

त्याने फोन उलटा मांडीवर ठेवला. मुळा हातात घेतला. परत खाली ठेवला.

"हे चालत नाही," तो म्हणाला.

"काय चालत नाही? फोन?"

"बाबा. ती पाय रोवून उभी राहिल्यावर कॅडीने, पिशवी उचलणाऱ्याने, तिच्या मागे, रेषेत उभं राहायचं नसतं. पूर्वी चालायचं. सगळ्या पोरींचे बाप मागे उभे राहून दिशा धरून द्यायचे. आता बंद केलं आहे. दोन फटके दंड."

मीसुकचा हात कोबीच्या पोटात होता तिथेच थांबला.

"कुणी बघितलं?" तिने विचारलं.

तिचा पहिला प्रश्न हा होता. दोयुनने तो लक्षात ठेवला, आणि लक्षात ठेवल्याबद्दल त्याला स्वतःचाच राग आला.

*

सकाळपासून मीसुकने एकच हिशेब मांडला होता, तोही पोरीच्या नकळत. हेरिन या स्पर्धेला आली तेव्हा वर्षाच्या यादीत सत्ताविसावी होती. वर्षाच्या शेवटी पहिल्या वीस जणी वरच्या फळीत जातात. बाकीच्यांना पुन्हा मार्चमध्ये हेच सगळं, हीच डोंगरातली मैदानं, हीच कडेला लावलेली गाडी आणि गाडीतच उघडलेले डबे. शेवटच्या स्पर्धेत पहिल्या पाचात आली तर विसात बसते. दुसरा दिवस संपला आणि पोरगी दुसरी होती. दुसरी! उद्या तिने फक्त पडायचं नव्हतं.

दोन फटके म्हणजे दुसरीवरून सातवी.

नवऱ्याचा, ग्योंगसूचा, गुडघा पुढच्या हंगामाला पुरणार नव्हता. हेरिनच्या पोटात ऑगस्टपासून भाताशिवाय काही टिकत नव्हतं. आणखी एक वर्ष ही पोरगी काढेल, पण काढून झाल्यावर जी उरेल ती कोण असेल, हे मीसुकला सांगता आलं नसतं.

"पुसून टाक ते," ती म्हणाली.

"आई."

"बरोबरच्या दोघी आपापल्या चेंडूकडे बघत होत्या. पंच अकराव्याला होती. कुणी बघितलं नाही. पुसून टाक."

"पुसलं म्हणजे घडलंच नाही असं होतं का?"

"तुझ्या फोनमध्ये नसेल तर कुठे घडलं?"

"आई, उद्या बाहेर आलं तर—"

"कसं येईल बाहेर? तू आणशील?" मीसुक त्याच्याकडे न बघता म्हणाली. "तुला बरंच वाटेल, नाही का?"

दोन मुलांपैकी एकाचाच खेळ चालू ठेवता येईल असं ज्या हिवाळ्यात ठरलं, तो हिवाळा या घरात येऊन गेला आहे. तेव्हा दोयुन सोळाचा होता, आणि तो काही बोलला नव्हता. आताही बोलला नाही. मुळा उचलला आणि किसणीवर असा घासला की नखही सोललं.

"अगं, काय बोलतेस," आत्या म्हणाली. "पोराने गाड्या चालवल्या तिच्यासाठी. सुट्ट्या काढल्या."

"मी काही म्हटलं नाही."

"म्हटलंस की. मिरची डोळ्यात गेल्यासारखं म्हटलंस."

त्या क्षणी अंगणातल्या बाजू अशा होत्या. गप्प बसायचं : मीसुक. सांगायचं : दोयुन, पण आता त्याला ते मोठ्याने म्हणता येत नव्हतं. आत्या अजून कुणाच्याच बाजूला नव्हती. तिला एक शब्द सापडायचा होता.

"तो नियम पुरा सांग," ती म्हणाली. "नियमाला शेपूट असतंच."

दोयुनने फोनवर शोधलं. वाचलं. मग सावकाश म्हणाला, "कॅडी चुकून तिथे उभा राहिला असेल तर दंड नाही."

"हं!" आत्याने वाटणाने भरलेला हात मांडीवर मारला. "झालं की मग!"

*

चुकून. सुनदोकला हा शब्द इतका आवडला की तिने तो तोंडात घोळवला.

गोल्फच्या मैदानासाठी डोंगर विकला गेला तेव्हा ती लग्न होऊन याच गावात होती. रोज सकाळी दार उघडलं की समोर बापाचं थडगं दिसायचं, पाइनच्या दोन झाडांमधला गवताचा उंचवटा. भावाने ग्वांगजूहून येऊन सही केली आणि संध्याकाळच्या गाडीने परत गेला. हाडं आता शहराकडच्या एका इमारतीत आहेत, काचेमागे, तिसऱ्या मजल्यावर. तेव्हापासून तिने भावाला दर वर्षी किमची दिली, पण हातात दिली नाही. डबा पायरीवर ठेवायची आणि म्हणायची, "ते घेऊन जा." भावाच्या घरी ती जेवली नाही. का, ते त्याला माहीत होतं, आणि त्याने कधी विचारलं नाही. ते ती जास्त धरून होती.

आज ती पहिल्यांदा त्या मैदानात गेली. भाचीसाठी. बाराव्या हिरवळीवर आली, ओढा पाहिला, आणि जागा ओळखली. आणि तेवढ्यात भाऊ चालत आला, आणि इतक्या मोठ्या हिरवळीवर नेमका तिथेच थांबला. तिला वाटलं, म्हणजे हाही विसरला नाही.

"तो कुठली रेषा बघणार?" ती आता म्हणाली. "बापाच्या उशाशी उभा राहिलेल्या माणसाला रेषा दिसते होय? ते पायच तिकडे गेले. चुकूनच गेले. बोलवा त्याला. ग्योंगसू! अरे ए ग्योंगसू! ते मांस काय पुन्हा जिवंत होणार आहे का? आण इकडे!"

ग्योंगसू घरामागच्या चुलीवरून उकडलेलं डुकराचं मांस लाकडी फळीवर घेऊन आला. ताज्या किमचीबरोबर ते खायचं, त्यासाठी तर सगळे राबतात. तो लंगडत होता आणि लंगडत नाही असं दाखवत होता.

"खायच्या आधी एक सांग," आत्या म्हणाली. "सकाळी बाराव्याला तू कुठे उभा होतास?"

त्याने फळी खाली ठेवली. दोयुनचा चेहरा पाहिला. बायकोचा पाहिला, ती मान खाली घालून एकाच पानाला पुन्हा पुन्हा वाटण फासत होती.

"कुठे म्हणजे?"

"बाबांच्या जागेवर होतास. हो ना?"

*

ग्योंगसूला सगळं एकदम कळलं, जसं गाडी वळताना कळतं.

कुणीतरी पाहिलंय. दोयुनला नियम सापडलाय. ताईला त्यातली पळवाट सापडलीय. आणि पळवाटीच्या दारात त्याची थोरली बहीण स्वतः उभी आहे, हात पसरून, आणि तिच्या चेहऱ्यावर जे आहे ते त्याने चोवीस-पंचवीस वर्षांत पाहिलेलं नाही.

"हो" म्हणायचं होतं. एवढंच.

"मला बघू दे," तो म्हणाला.

"बघायचंय काय त्यात?" मीसुक चटकन म्हणाली. "जेवून घ्या आधी. मांस गार होतंय."

पण दोयुनने लावलं होतं. या वेळी कुणी मधे बोललं नाही, म्हणून फितीतले बारीक आवाज ऐकू आले. वारा. पिशवीतल्या लोखंडाची किणकिण. हेरिन वाकते. पाय रोवते. आणि मग, फटक्याच्या जरा आधी—

"वन्सं, मीठ जास्त झालंय का हो यात?" मीसुक मोठ्याने म्हणाली. इतक्या मोठ्याने, की आत्या दचकली.

मीसुकने चौदा वर्षं मैदानांच्या दोऱ्यांबाहेर काढली आहेत. मुलांच्या स्पर्धांत बापांना पोरांशी बोलायला बंदी असायची. बाप खोकायचे. काही बाप जांभया द्यायचे, एक जण चष्मा पुसायचा. ग्योंगसू खोकायचा. एक म्हणजे डावीकडे. हेरिन दहा वर्षांची होती, आणि भर उन्हाळ्यात बापाला सर्दी का होते असं शेजारणीने विचारल्यावर मीसुक म्हणाली होती, धुळीची ॲलर्जी आहे.

"मागे घे," दोयुन स्वतःशीच म्हणाला, आणि त्याने मागे घेतलं.

फितीत एक माणूस एकदा खोकला.

"थंडी होती," मीसुक म्हणाली. "सकाळी दव पडलं होतं. सगळेच खोकत होते."

"ऐकलंस?" आत्या म्हणाली. "थंडी होती. खोकेल नाही तर काय करेल! तुम्ही लोक बापाच्या खोकल्यालाही दंड लावाल." तिला खोकल्याचा अर्थ माहीत नव्हता. ती हसत होती. तिने हातमोजा काढला, फळीवरचा मांसाचा तुकडा घेतला, कोबीच्या लाल पानात गुंडाळला आणि भावासमोर धरला. हातात. "आ कर. बापाच्या जागेवर उभा राहिलास. मी पाहिलं. आ कर."

ग्योंगसूने तोंड उघडलं नाही.

तो घास हवेत राहिला. वाटण तिच्या मनगटावरून ओघळू लागलं.

"ताई," तो म्हणाला. "मी बाबांकडे बघत नव्हतो."

"काय?"

"ती जागा तीच होती, हे मला तू आत्ता सांगितल्यावर कळलं. मला ओढा दिसला नाही. डोंगर दिसला नाही. मी तिच्या पायांच्या बोटांकडे बघत होतो. ती उजवीकडे वळली होती. जरासंच. छिद्राच्या कडेवरून गेला असता चेंडू." त्याने घसा साफ केला, आणि तो आवाज ऐकून स्वतःच थांबला. "मी तिला सांगितलं. जाऊन उभा राहिलो, दिशा बघितली, आणि सांगितलं. सहा वर्षं नाही केलं. आज पाय गेले."

"म्हणजे चुकूनच गेले," मीसुक म्हणाली. "पाय गेले म्हणताय ना तुम्हीच."

"पाय चुकून गेले असतील. खोकला चुकून नव्हता."

आत्याने तो घास खाली आणला. फळीवर ठेवला नाही, स्वतः खाल्ला नाही. कोबीच्या ढिगावर ठेवला, जणू त्याच्यात परत जाईल. मग हातमोजा चढवला.

"बरं," ती म्हणाली. "मला वाटलं होतं आपलं."

*

बाजू पुन्हा. सांगायचं : ग्योंगसू, दोयुन. गप्प बसायचं : मीसुक एकटी. आत्या : किमची.

"ऐका," दोयुन म्हणाला. तो आता कुजबुजत होता, का ते कुणालाच कळलं नाही. अंगणात बाहेरचं कुणी नव्हतं. "तिला माहीत नव्हतं. बरोबर? बाबा मागे उभे आहेत हे तिला दिसलं नसणार, ती वाकलेली आहे. स्कोअरकार्डवर सही केली तेव्हा दंड झालाय हे खेळाडूला माहीतच नसेल, तर बाद करत नाहीत. नुसते दोन फटके वाढवतात. सातवी. उद्याचा दिवस आहे ना हातात. सातवीवरून पाचात येता येतं. मार्चमध्ये ती अकरावीवरून तिसरी आली होती."

"आणि माहीत असेल तर?" मीसुकने विचारलं.

"तर बाद. खेळ खलास. पण तिला माहीत नव्हतं."

"नव्हतं," ग्योंगसू म्हणाला.

"खोकल्याचं कशाला सांगायचं पंचांना? मागे उभे होते एवढंच सांगायचं."

"हो. तेवढंच."

मीसुकने तिघांकडे पाहिलं. मग तिने एक लांब श्वास सोडला, आणि या घरात असा श्वास म्हणजे होकार असतो. दुसरीवरून सातवी. सातवीवरून पाचवी. ती मनात पुन्हा मोजू लागली होती. ज्या गोष्टीवर दुपारी भांडण पेटलं होतं तीच आता सगळ्यांना परवडणारी वाटायला लागली. दोयुनने आईच्या पुढ्यातला कोबीचा ढीग स्वतःकडे ओढला, तिने ओढू दिला. त्या दोघांत तेवढ्यावर मिटलं, निदान त्या संध्याकाळपुरतं.

फाटकातून गाडी वळली. डावं पुढचं चाक आत ओढत होतं. ग्योंगसूला दिसलं, आणि पहिल्यांदाच त्याने ते मनात टिपून ठेवलं नाही.

*

हेरिन दुपारभर सरावाच्या हिरवळीवर होती. तिथला माणूस दिवे लावायला आला तोवर होती. त्याने विचारलं, उद्या शेवटचा दिवस ना, दमून जाल. ती म्हणाली, घरी किमची चालू आहे, गेले तर कामाला लावतील. तो हसला. ती पण हसली आणि मग गाडीमागे जाऊन ओकली. काही निघालं नाही.

"आलीस का राणी," आत्या म्हणाली. "हात धू आणि बस. उरलेत ते तुझ्या वाटचे."

हेरिनने हातमोजे घातले आणि आत्या व आई यांच्या मधे उकिडवी बसली. एक कोबी ओढला. पान उचललं, फासलं, सोडलं. ती भराभर करत नव्हती. चौघंही तिच्याकडे बघत होते आणि बघत नाही असं दाखवत होते. हे तिला पहिल्या कोबीच्या मध्यावरच कळलं.

"काय झालं?"

"काही नाही, जेव आधी," मीसुक म्हणाली.

"बाराव्या हिरवळीवर," ग्योंगसू म्हणाला, "मी तुझ्या मागे उभा राहिलो. रेषेत. दादाच्या फितीत आहे. दोन फटके दंड बसतो. चूक माझी. तुझी नाही. आता पंचांना फोन करू, ते वाढवतील. तुला माहीत नव्हतं म्हणून बाद नाही करणार. सातवी राहशील."

त्याने हे सगळं एका दमात म्हटलं, घरामागच्या चुलीपाशी पाठ केल्यासारखं.

हेरिनने कोबीचं शेवटचं पान फासलं. सगळ्यात बाहेरचं पान भोवती गुंडाळून पुडी केली, ती डब्यात अंग दाबून बसवली.

"मी ऐकलं होतं," ती म्हणाली.

"काय ऐकलं होतंस?"

"बाबा खोकले ते. आवाज मागून आला. बरोब्बर मागून. बाजूला उभं राहून खोकलं की वेगळा येतो. तेव्हाच कळलं कुठे उभे आहेत." ती दुसऱ्या कोबीकडे हात नेत होती. "मागे सरून पुन्हा उभी राहिले असते तर दंडच नव्हता. ते पण माहीत होतं. पाय डावीकडे घेतला आणि मारला. आत गेला."

"मग सही करताना—" दोयुन.

"सही करताना पण माहीत होतं. पेन हातात घेऊन बसले होते. बाईंनी विचारलं, काही शंका? मी म्हटलं, नाही."

"तू नाही ऐकलंस," मीसुक म्हणाली.

"आई."

"नाही ऐकलंस तू! कुणाचं ऐकलंयस आजवर? जेव म्हटलं तर ऐकत नाहीस, झोप म्हटलं तर ऐकत नाहीस, आणि नेमका खोकला ऐकलास? वारा होता. आत्या ओरडत होती."

"मी नंतर ओरडले," आत्या म्हणाली. ती कुणाची बाजू घेत नव्हती. फक्त खरं काय ते सांगत होती.

आणि दोयुन, जो दुपारी एकटा सांगायचं म्हणत होता, तो आता हेरिनसमोर गुडघ्यांवर बसला. "हे बघ. सांगायचं तर आहेच. आपण लबाडी करत नाही आहोत. दोन फटके घेतोय ना? दंड भरतोय. फक्त ते एवढंच विचारतील, माहीत होतं का. तिथे नाही म्हण. एक शब्द. तुझ्या डोक्यात काय होतं ते कुणाच्या बापाला कळणार आहे?"

"बापाला कळतंय," ग्योंगसू म्हणाला.

"तुम्ही गप्प बसा हो बाबा! तुम्ही एकदा बोललात ना आज!"

कुणीही कधी ग्योंगसूला असं बोललं नव्हतं.

*

हेरिनचे हात लाल. आईचे लाल, आत्याचे लाल. फोन दोयुनने लावला आणि आवाज मोठा करून तिच्या तोंडासमोर धरला, कारण दुसऱ्या कुणाला धरता येत नव्हता. पलीकडे पंच बाई होत्या. त्या जेवत होत्या असं वाटलं. भांड्यांचा आवाज आला आणि थांबला.

हेरिनने सांगितलं. बारावी हिरवळ, कॅडी मागे, रेषेत.

"मुद्दाम उभे होते?"

हेरिनने बापाकडे पाहिलं. ग्योंगसूने मान हलवली, हो.

"मुद्दाम," ती म्हणाली.

"बरं. दोन फटके. तुम्ही स्वतःहून कळवलंत, ते चांगलं केलंत." बाईंचा आवाज मऊ झाला. मग अगदी सहज, जसं दुकानदार पिशवी हवी का विचारतो तसं, "सही करताना याची कल्पना नव्हती ना तुम्हाला?"

बाईंनीच उत्तर शिजवून पुढ्यात ठेवलं होतं. फक्त हो म्हणायचं होतं, हो, नव्हती.

दोयुन ओठांनी 'नव्हती, नव्हती' म्हणत होता. मीसुकने डोळे मिटले होते, आणि ती सातवी, सहावी, पाचवी असं मोजत होती की देवाचं काही म्हणत होती, तिलाच ठाऊक. ग्योंगसू जमिनीकडे बघत होता. तिच्या पायांकडे नाही, बोटांकडे नाही. त्याने मुद्दाम नजर परातीच्या काठावर ठेवली होती, आणि श्वास धरला होता, न जाणो त्यातून काही आवाज निघेल आणि तिला त्याचा अर्थ लागेल.

"ऐकू येतंय ना?" बाईंनी विचारलं.

"सांग बाई काय सांगायचं ते," आत्या पुटपुटली. "पोराचा हात भरून आला."

"कल्पना होती," हेरिन म्हणाली. "सही करायच्या आधीपासून."

पलीकडे चमचा खाली ठेवल्याचा आवाज आला.

"याचा अर्थ तुम्हाला माहीत आहे?"

"हो."

"मग उद्या सकाळी यायची गरज नाही," बाई म्हणाल्या. त्या वाईट बोलल्या नाहीत. "नीट जेवा."

दोयुनने फोन बंद केला तरी हात तसाच धरून ठेवला. मीसुक उठली, नळापाशी गेली, हातमोज्यांसकट हात पाण्याखाली धरले, आणि पाठमोरी उभी राहिली. तिचे खांदे हलत होते, पण पाण्याच्या आवाजापुढे काही ऐकू आलं नाही. ग्योंगसूच्या तोंडून, "पोरी," एवढंच निघालं.

"बाबा," हेरिन म्हणाली, "पुढच्या वर्षी तुम्ही येऊ नका."

"गुडघा तर तसाही—"

"गुडघ्यासाठी नाही."

तो हो म्हणाला. मग तिने फळी पुढे ओढली आणि मांसाचा गार झालेला तुकडा उचलून खाल्ला, मग दुसरा, मग आत्याने पान गुंडाळून दिलेला तिसरा, आणि ते पोटात राहतंय का याची वाट बघत सगळे बसले.

हेरिनने आयुष्यातला पहिला चेंडू पाच वर्षांची असताना, टायरच्या दुकानामागच्या सराव मैदानावर, डाव्या हाताने मारला होता, आणि मागे कुणी खोकलं नसताना तो सरळ गेला होता.